आधी माणूस, मग पडदा



आमच्या मंडळाने हॉलच्या दारापाशी सूचनांसाठी साधा घरगुती टीव्ही लावला. ब्राइटनेस जेमतेम ३०० निट्स. दुपारी ऊन आलं की अक्षरंच दिसेनात. उजेडाच्या लॉबीत ७०० तरी हवेत, उन्हाकडे तोंड असलेल्या खिडकीत २५००. शिवाय संस्थेच्या वापराला घरगुती टीव्हीची वॉरंटी बहुधा चालत नाही.

पण खरी चूक वेगळीच. मजकूर बदलायचा कुणी, हे ठरलंच नव्हतं. संध्याकाळचं हळदीकुंकू वरच्या हॉलमध्ये हलवलं, पडद्यावर 'तळमजला' तसंच राहिलं. एक आजी खाली तासभर एकट्या बसून होत्या!

तेव्हा आधी माणूस नेमा, प्रत्येक सूचनेला संपायची तारीख घाला आणि पडदा सगळ्यात शेवटी निवडा.

चूभूद्याघ्या.