भंगारातला तीन जॉचा चक

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पान्हे, व्हाइस आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या ढिगात लेथचा एखादा चक, म्हणजे घडवायचा तुकडा (जॉब) जॉच्या जबड्यात धरून फिरवणारा भाग, हटकून सापडतो. वरून तांबूस पापुद्रे सुटलेले, जॉ जागच्या जागी जाम, चावी हरवलेली, आणि भाव किलोवर. लेथ बनवणाऱ्या कंपन्यांपैकी हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर 1941ची, बंगळूरची एचएमटी 1953ची. या दोघींचे आणि राजकोट-बटाल्याचे लेथ घेऊन आपल्याकडच्या कितीतरी लहान वर्कशॉपांनी पोटं भरली. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यावर त्यातले पुष्कळ लेथ मोडीत निघाले आणि त्यांचे चक असे रस्त्यावर आले. गिऱ्हाईक चक उचलतं, जॉ हलवून पाहतं, हलत नाही म्हणून खाली ठेवतं. हा निकाल फार घाईचा आहे. गंज हे चकचं सर्वांत वरवरचं दुखणं असतं. चक खरा वाया जातो तो झिजेनं, आणि त्याहूनही जास्त, एकाचे भाग दुसऱ्यात मिसळल्यानं.

हे पटायला चकच्या आत काय आहे ते पाहावं लागतं. बाहेरून जाडजूड बिडाची बॉडी, समोर तीन खाचा, खाचांत सरकणारे तीन जॉ. आत एक चकती असते, ती स्क्रोल. तिच्या पुढच्या अंगावर सर्पिल आटा कापलेला असतो आणि मागच्या अंगावर बेव्हल गिअरचे दाते. या दात्यांना बाजूनं तीन लहान पिनियन लागलेले असतात आणि चावी बसते ती पिनियनच्याच चौकोनी भोकात. एक पिनियन फिरवला की स्क्रोल फिरते. जॉच्या पाठीवरचे दाते सर्पिलात अडकलेले असल्यामुळे तिन्ही जॉ एकदम आणि सारखेच मध्याकडे येतात. गोल जॉब आपोआप मध्यावर बसतो तो एवढ्याच युक्तीमुळे.

दर फेऱ्याला केंद्रापासून सारखंच अंतर वाढत जाणारं हे सर्पिल आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अभ्यासलं. लेथच्या तोंडाशी ते आलं 19व्या शतकात. तीन जॉच्या एका चकसाठी अलेक्झांडर बेल यांना 1819च्या सुमारास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सचं रौप्यपदक मिळालं होतं. आज आपण ओळखतो तसा स्क्रोल चक मात्र अमेरिकेतल्या कनेटिकटच्या सायमन फेअरमन यांचा, पेटंट 1840चं. त्यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी तो आणखी सुधारला. मूळ मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही, आणि म्हणूनच साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा चक आजही घरच्या लेथवर कामाला लावता येतो.

या मांडणीत एक जन्मजात उणीव आहे. सर्पिल मध्याजवळ घट्ट वळतं, कडेला सैल होत जातं. जॉच्या दाताचा बाक मात्र कायम तोच. त्यामुळे दाताची सबंध बाजू आट्याला टेकत नाही, जेमतेम एक रेघ टेकते. नव्या, चांगल्या चकमध्ये घासूनपुसून गुळगुळीत केलेला रॉड धरून फरक मोजणारा डायल लावला तरी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात पाच-सात भाग काटा हलतो, आणि रॉडचं माप बदललं की तो आकडाही बदलतो. जुन्या चककडून याहून जास्त मागणं अन्याय्य आहे. अगदी नेमकं मध्यावर काम हवं असेल त्यानं चार स्वतंत्र जॉचा चक वापरावा, तिथे एकेक जॉ वेगळा फिरवून डायल मारता येतो.

दुसरी गोष्ट बाजारात उभं असताना उपयोगी पडते. सर्पिल एका फेऱ्यात आट्याच्या एका अंतराएवढं सरकतं, म्हणजे एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा. म्हणून तिन्ही जॉचे दाते वेगवेगळ्या जागी कापलेले असतात आणि त्यांच्यावर 1, 2, 3 असे आकडे ठोकलेले असतात. शिवाय जॉच्या पकडीची बाजू त्याच चकमध्ये बसवून ग्राइंड केलेली असते. जॉवर आणि बॉडीवर एकच अनुक्रमांक सापडतो तो यासाठी. बाजारात गंज न पाहता हे आकडे शोधावेत. वायर ब्रशनं जॉची बाजू जरा घासली की ते वर येतात. तिन्ही जॉ एकाच घरचे असतील तर चक निम्मा जिंकला. दात एकाच बाजूला वळलेले असल्यामुळे हे जॉ उलटे घालता येत नाहीत. मोठा जॉब धरायला पायऱ्यांच्या जॉचा दुसरा संच लागतो. तोही सोबत मिळाला तर किलोमागं जास्त पैसे द्यायला कचरू नये.

घरी आणल्यावर रॉकेल किंवा पातळ तेलात चक बुडवून ठेवावा आणि घाई करू नये. जाम चावीवर पाइप चढवून जोर केला की पिनियनचा चौकोन फाटतो, आणि तसा पिनियन पुन्हा मिळत नाही. खोलताना प्रत्येक पिनियन कुठल्या भोकातला हे लिहून ठेवायचं. काही चकमध्ये एका पिनियनजवळ खूण केलेली असते. शेवटचं ग्राइंडिंग ज्या पिनियनवर आवळून झालं तो हा. काम करतानाही त्याच पिनियनवर शेवटचा पीळ द्यावा.

रिकामी बॉडी दोरीनं टांगून हातोडीनं हलकेच ठोकावी. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर खाचांच्या कोपऱ्यांत तडा शोधावा, आणि तडा दिसला तर तो चक भंगारातच जाऊ द्यावा. वेल्डिंग केलेलं बीड वेगानं फिरवून त्याच्यासमोर उभं राहायचं नसतं.

बॉडीचा गंज काढायला विजेची पद्धत मला सर्वांत आवडते, कारण ती चांगलं लोखंड खात नाही. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. बॉडीला ऋण टोक, समोरच्या टाकाऊ लोखंडी पत्र्याला धन. स्टेनलेसचा पत्रा अजिबात वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही टाकू नये. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावं, जवळ विस्तव नसावा, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करावा. गंजाचा काळा चिखल ब्रशनं निघून जातो. धुतल्यावर लगेच कोरडं करून तेल लावायचं. पावसाळ्यात उघडं बीड तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

जॉ आणि स्क्रोल कडक केलेल्या पोलादाची असतात. अशा पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणून त्यांना मी टबात घालत नाही. रॉकेल, पितळी ब्रश आणि हातानं फिरवलेला अगदी बारीक पॉलिश पेपर एवढं त्यांना पुरतं. खाचांच्या सरकत्या पृष्ठांवर ग्राइंडर लावू नये. गंजानं पडलेला खड्डा पकडीला बाधत नाही, ग्राइंडरनं उडवलेलं माप मात्र परत येत नाही.

जोडताना स्क्रोलला पातळ तेल द्यावं. दाट ग्रीसला लोखंडाचा कीस चिकटतो, आणि मग तीच ग्रीस आटा घासत राहते. सर्पिलाचं तोंड पहिल्या खाचेत दिसलं की किंचित मागं घ्यायचं, 1 नंबरचा जॉ दाबून चावी फिरवायची, मग 2, मग 3. तिन्ही मध्यावर एकत्र भेटले तर क्रम बरोबर.

डायलवर फरक फार दिसला तर लगेच जॉ ग्राइंड करायला घेऊ नये. आधी चकला लेथच्या स्पिंडलशी जोडणाऱ्या बॅक प्लेटची बैठक तपासावी. चक दुसऱ्या लेथवरून आलेला असेल, तर नवी बॅक प्लेट आपल्याच स्पिंडलवर चढवून तिथेच टर्न करावी लागते. बराचसा दोष तिथेच निघतो. जॉची तोंडं पुढे फाकलेली असतील, तरच ग्राइंडिंग. तेही जॉवर कामात येतो त्याच दिशेचा ताण ठेवून आणि लेथचा बेड कापडानं झाकून. ताण नसताना केलेलं ग्राइंडिंग जॉब धरताच फोल ठरतं.

हाती आलेला प्रत्येक चक वाचत नाही. पण ज्याचे आकडे जुळतात आणि बॉडी खणखणीत वाजते, तो कितीही गंजलेला असला तरी मेहनतीला पुरून उरतो. तुमच्या घरी किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये असा चक असेल आणि द्यायचाच असेल, तर जॉचे दोन्ही संच, चावी आणि बॅक प्लेट तारेनं त्याला बांधून मगच द्या.