पाठीतलं इंजेक्शन : औषध कोणतं, किती वेळाचं?

पेण किंवा रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, पायाचं हाड अशी बरीच ऑपरेशनं कमरेखालचा भाग बधिर करून होतात. त्यासाठी ‘सगळ्यात भारी औषध’ शोधण्यात अर्थ नाही. ऑपरेशन जितकं चालेल, त्याला पुरेल आणि मग वेळेवर उतरेल, ते औषध योग्य. 1898 मध्ये जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी मणक्यात कोकेन टोचून ही पद्धत सुरू केली, तेव्हापासूनचा शोध याच हिशेबाचा आहे. लिग्नोकेन लवकर चढायचं, तासा-दीड तासात उतरायचं. पण 1993 पासून ते घेतलेल्या रुग्णांच्या नितंबांत व पायांत काही दिवस टिकणाऱ्या वेदनांच्या नोंदी येऊ लागल्या. ब्युपिवाकेनच्या तुलनेत हा त्रास कितीतरी जास्त आढळला, आणि मणक्यातला लिग्नोकेनचा वापर ओसरला.

आज सर्वाधिक चालतं ते ‘हेवी’ ब्युपिवाकेन. त्यात ग्लुकोज असल्यामुळे ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि उताराकडे सरकतं. म्हणून टेबल किती कललंय, यालाही महत्त्व असतं. 4 मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असतं, सिझेरियनला साधारण त्याच्या निम्मं लागतं. परिणाम दोन-तीन तास टिकतो. आधीच्या सिझेरियनमुळे आतडं चिकटलेलं निघालं, रक्तस्राव वाढला, तर हा जादा वेळच आईला वाचवतो. एकच भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी मध्येच पूर्ण भूल देण्याची पाळी येणं अधिक धोक्याचं. इथे ब्युपिवाकेनच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळव्याधीसारख्या अर्ध्या तासाच्या कामाला मात्र तीन तास पाय जड ठेवायचे कशाला? क्लोरोप्रोकेन हे अशा, चाळीसेक मिनिटांपर्यंतच्या ऑपरेशनांसाठीच आहे. कुणी म्हणेल, तळा किंवा सुधागडच्या खेड्यातला रुग्ण संध्याकाळी घरी जाणारच नाही, मग घाई कसली? पण लवकर उभं राहता येणं, लघवी अडून नळी घालावी न लागणं, हा फायदा वॉर्डात मुक्काम केला तरी मिळतोच. ऑपरेशन लांबलं तर काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. जिथे वेळेची खात्री नाही, तिथे ते वापरू नये.

हृदयाला सौम्य म्हणून रोपिवाकेनची शिफारस होते. मोठ्या मात्रेत ते खरंही आहे. मणक्यात जाणारी मात्रा इतकी थोडी, की हा फरक फारसा उरत नाही. रक्तदाब कोणत्याही औषधाने घसरू शकतो. बधिरता किती वर चढली, यावर ते बरंच अवलंबून असतं. नंतरची डोकेदुखी तर औषधापेक्षा सुईच्या जाडीवर आणि टोकावर ठरते. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना विचारा : औषध कोणतं, पाय किती तास बधिर राहतील, आणि ऑपरेशनभर तुम्ही जवळ असाल ना? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही आधीच सांगा.