कुणाला काय सुटतं? रायपूरचं चटपटीत अर्थशास्त्र

रायपूर म्हटलं की मराठी माणसाला हावडा मेलचा थांबा आठवतो, नाहीतर चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र तिथलं रेशनचं दुकान आठवतं. त्याला कारणही तसंच आहे.

आठ पैशांचा प्रामाणिकपणा

वीसेक वर्षांपूर्वी छत्तीसगढच्या रेशन दुकानदाराला एक क्विंटल धान्य वाटल्यावर 8 रुपये कमिशन मिळायचं. किलोला आठ पैसे! त्यात दुकानाचं भाडं, तोलणाऱ्याची मजुरी, विजेचं बिल आणि वर स्वतःचं पोट. असा धंदा सरळ मार्गाने करणारा माणूस एकतर संत असणार किंवा दिवाळखोर. बाकीच्यांनी तिसरा मार्ग धरला, आणि पोती मागच्या दाराने बाजारात जाऊ लागली.

यावर सरकारी खाक्याचा उपाय ठरलेला: आणखी एक निरीक्षक नेमा. मग त्या निरीक्षकावर लक्ष ठेवायला दुसरा. छत्तीसगढने 2004 पासून वेगळा हिशेब मांडला. खासगी दुकानदारांकडून दुकानं काढून ग्रामपंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांकडे दिली. कमिशन 8 वरून 30 रुपये केलं. दुकान चालवायला 75,000 रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं. प्रामाणिक राहूनही दोन पैसे सुटतील अशी सोय आधी केली, चोरी अवघड करण्याचं काम त्याच्या जोडीने. धान्य थेट दुकानाच्या दारात पोचवणारे ट्रक चक्क पिवळे रंगवले. पिवळा ट्रक व्यापाऱ्याच्या गोदामापाशी उभा दिसला की शाळकरी पोरालाही कळावं, इथे काहीतरी शिजतंय. रंगाचा डबा निरीक्षकापेक्षा स्वस्त पडतो आणि त्याला चहापाणीही लागत नाही.

अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांच्या अंदाजानुसार 2004-05 मध्ये राज्यातलं जवळपास अर्धं रेशनधान्य वाटेत गळत होतं. 2009-10 पर्यंत ही गळती एक दशांशाच्या आसपास आली. सरकारलाही यात काही सुटलं का? तेव्हाचे मुख्यमंत्री रमण सिंह यांना ‘चाउरवाले बाबा’ (चाउर म्हणजे तांदूळ) हे नाव पडलं आणि ते 2003 ते 2018 सलग खुर्चीवर राहिले. एवढा नफा पुष्कळ झाला.

माझी मर्जी

पुढची गंमत खास रायपूर शहरातली. कार्डावर जे दुकान लिहिलंय तिथूनच धान्य घ्यायचं, हा रेशनचा जुना नियम. दुकानदाराला गिऱ्हाईक बांधलेलं, मग तो गोड कशाला बोलेल? 2012 मध्ये रायपुरात स्मार्ट कार्ड घेऊन शहरातल्या कुठल्याही रेशन दुकानात जायची मुभा देणारी योजना सुरू झाली. नाव होतं ‘मेरी मर्जी’. आता वजनात मारणाऱ्या दुकानदाराशी भांडायची गरज उरली नाही, पिशवी उचलायची आणि पुढच्या गल्लीत जायचं.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. वाईट सेवेवर माणसाकडे दोन उपाय असतात, तक्रार करणं किंवा निघून जाणं. रेशनकार्डवाल्या बाईला आपल्याकडे आयुष्यभर पहिलाच उपाय शिकवला गेला. (तो कितपत चालतो, ते ऑनलाइन तक्रार नोंदवून पाहिलेल्या कुणालाही विचारा.)

शेण चोरीला गेलं हो!

20 जुलै 2020, हरेलीचा सण. त्या दिवसापासून छत्तीसगढ सरकार गाईचं शेण विकत घेऊ लागलं, किलोला 2 रुपये. शेणातून गांडूळखत, आणि मोकाट गुरं शेतात न शिरता गोठ्यात बांधली जावीत हा दुसरा हेतू. 2022 मध्ये मुख्यमंत्री भूपेश बघेल अर्थसंकल्प मांडायला आले तेव्हा हातातली पेटीसुद्धा शेणाची, बचतगटाच्या बायकांनी बनवलेली.

किंमत लागली की वस्तूचा स्वभाव बदलतो. काल पायाखाली आलं तर आपण नाक मुरडत होतो, ते आज ‘माल’ झालं. जून 2021 मध्ये कोरबा जिल्ह्यातल्या धुरेना गावातून 800 किलो शेण चोरीला गेलं आणि दीपका पोलिसांत रीतसर गुन्हा नोंदवला गेला. मुद्देमालाची किंमत 1,600 रुपये. पंचनामा करणाऱ्या हवालदाराचा चेहरा मला फार पाहावासा वाटतो.

यात एक छुपा खर्चही होता. चुलीत जाणारी गोवरी कालपर्यंत फुकट होती. शेणाला भाव आला आणि ती जाळणं म्हणजे विक्रीचे पैसे जाळणं झालं. गोवरी तीच, चूल तीच, फक्त हिशेब बदलला.

गोंदियाचं धान रात्री कुठे जातं?

हा भाग आपल्या घरचा आहे. 2024-25 च्या हंगामात साध्या धानाची केंद्राची आधारभूत किंमत क्विंटलला 2,300 रुपये होती. छत्तीसगढ सरकारने वर फरकाची रक्कम घालून शेतकऱ्याला 3,100 दिले. म्हणजे सरहद्द ओलांडली की क्विंटलमागे 800 रुपये. चाळीस क्विंटलची ट्रॉली पलीकडे नेली तर 32,000 रुपये, आणि रस्ता तासाभराचा. गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूने धानाला पाय फुटले नसते तरच नवल. दर हंगामात छत्तीसगढ सीमेवर नाके बसवतं, गाड्या अडवतं, पोती जप्त करतं.

पण पलीकडे नेलेलं धान विकायचं कुणाच्या नावावर? खरेदी केंद्रावर नोंदणी लागते, ‘टोकन तुंहर हाथ’ या अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते. खरेदीची मर्यादा एकरी 21 क्विंटल. आता ज्याच्या रानात एकरी पंधराच पिकलं, त्याच्या नावावर सहा क्विंटलची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा हीच विकाऊ वस्तू! गावातला कोचिया, म्हणजे फिरता धान्यदलाल, नेमका तिथे पोचतो. मर्यादा बसवली होती सरकारी खर्चाला लगाम घालायला, तिनेच एक छोटा काळाबाजार तयार केला.

तिकडच्या शेतकऱ्याला 3,100 मिळू नयेत असं म्हणायचं नाही. पण शेजारच्या दोन राज्यांत एकाच मालाचे दोन भाव ठेवून मध्ये बांबूचा नाका बसवायचा, हे पाणी मुठीत धरण्यासारखं आहे. शिवाय एकाच पिकाला एवढा भाव दिल्यावर शेतकरी तूर-हरभऱ्याकडे वळेल अशी भाषणं कशाला करायची?

दहा रुपयांत भरडाई

सरकारचं एक क्विंटल धान भरडून तांदूळ करण्याचा केंद्राने ठरवलेला दर न उकडलेल्या तांदळासाठी 10 रुपये. रायपूरच्या आसपास राइस मिलांची रांग लागलीय ती या दहा रुपयांवर? छे. क्विंटलभर धानामागे मिलवाल्याने 67 किलो तांदूळ परत करायचा असतो. उरलेल्या 33 किलोंमधला कोंडा तेल काढणाऱ्याकडे जातो, तूस बॉयलरमध्ये, तुकडा आणखी कुठे. खरा धंदा त्या उरलेल्यावर. वर राज्य सरकारचं प्रोत्साहन वेगळं. म्हणून ‘दर परवडत नाही’ असं मिलवाला म्हणाला की आधी कोंड्याचा भाव विचारावा.

सगळ्यांना थोडी चांगली, थोडी वाईट

भोसल्यांच्या अमलात आणि त्याआधीही छत्तीसगढच्या खेड्यांत लाखाबाटा नावाची पद्धत होती. गावची जमीन ठरावीक वर्षांनी पुन्हा वाटायची. कन्हार म्हणजे भारी काळी, मटासी हलकी पिवळसर, भाटा म्हणजे नुसती मुरमाड. प्रत्येकाच्या वाट्याला सगळं थोडं थोडं. न्याय म्हणून अप्रतिम. पण पुढच्या वाटपात हे शेत दुसऱ्याचं होणार असेल, तर बांध कोण घालेल, खत कोण टाकेल? इंग्रजांच्या 1860 च्या दशकातल्या जमाबंदीनंतर ही पद्धत मागे पडली. मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, मालकी मिळाली, न्यायाचा भाग मात्र राहिला बाजूला.

रायपूर जिल्ह्याची नंतरची जमाबंदी कुणी केली? चिंतामणराव देशमुखांनी. रिझर्व्ह बँकेचे 1943 मधले पहिले भारतीय गव्हर्नर तरुणपणी रायपूरला सेटलमेंट ऑफिसर होते, मातीची प्रत पाहून सारा ठरवत होते.

गोदाम भरलेलं, गाव उपाशी

1856 चा दुष्काळ. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचं कोठार उघडून धान्य वाटलं. 10 डिसेंबर 1857 ला त्यांना रायपुरात फाशी दिली, आजच्या जयस्तंभ चौकात. धान्य होतं, ते विकत घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दुष्काळांची फोड याच सूत्राने केली.

बांधलंय म्हणून बांधा?

रायपूरच्या शास्त्री चौकात पादचाऱ्यांसाठी स्कायवॉक बांधायला घेतला, 2018 च्या अखेरीस सरकार बदललं आणि काम थांबलं. लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षं डोक्यावर. पाडावा की पुरा करावा, यावर वाद घालताना दोन्ही बाजू आधी झालेल्या खर्चाचे आकडे फेकत राहिल्या. तो पैसा तर गेलाच. पुरा केला तरी परत येत नाही, पाडला तरी नाही. विचारायचं ते एवढंच, की आजपासून किती लागतील आणि मे महिन्याच्या उन्हात जिने चढून वर किती जण जातील. 2025 मध्ये उरलेल्या कामासाठी सुमारे 37 कोटी मंजूर झाले. दुसऱ्या प्रश्नावर चर्चा तुलनेने कमीच झाली.

आणि आपले कांदेपोहे

रायपूरहून बिलासपूरकडे निघालं की वाटेत भाटापारा लागतं. गाव पोह्यांचं. गिरणीला लागून गिरणी, जोडीला डाळमिला. एकमेकांचे गळे कापायला एवढे प्रतिस्पर्धी शेजारी कशाला बसतील? कारण महामायासारखं पोह्याला चालणारं धान तिथल्या मंडीत येतं, भट्टीवर किती भाजायचं हे जाणणारा कारागीर तिथेच मिळतो, रोलर बिघडला तर मिस्त्री हाकेवर, आणि खरेदीला आलेला व्यापारी एका फेरीत दहा गिरण्यांचा माल पाहतो. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्ये इंग्लंडच्या कारखानदार गावांबद्दल लिहिलं होतं, की तिथे धंद्याची गुपितं हवेतच असतात. दुसरीकडे नवी पोहा मिल टाकायची तर यंत्र आणता येतं, कर्ज आणता येतं, जागाही मिळते. भट्टीवरचा तो माणूस आणि हाकेवरचा मिस्त्री कुठून आणायचा, तिथे गाडी अडते.