विश्लेषण : ‘तुमच्यानंतर कोण?’ विदर्भातील सेवाभावी संस्थांपुढील न टळणारा प्रश्न

विदर्भात सेवाभावी संस्थांची परंपरा मोठी आहे. कुष्ठरोग, आदिवासी आरोग्य, अनाथ मुले, झोपडपट्टीतील शिक्षण अशा कामांत अनेकांनी ऐन तारुण्यात उडी घेतली. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत कामाला लागलेली ती पिढी आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. दरम्यान संस्था वाढल्या. त्यांच्याकडे रुग्णालये, वसतिगृहे, शाळा आणि पगारी कर्मचारी आले. उद्या संस्थापकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर औषधांच्या बिलाच्या धनादेशावर सही कोण करणार? प्रश्न साधा आहे, पण बऱ्याच संस्थांकडे त्याचे लेखी उत्तर नसते.

नेतृत्वबदल म्हणजे नेमके काय बदलते?

तीन वेगवेगळ्या गोष्टी बदलतात, आणि त्या एकाच वेळी बदलत नाहीत. पहिली सही, म्हणजे कायदेशीर अधिकार. दुसरी रोजचा कारभार. तिसरी लोकांचा विश्वास, म्हणजे देणगीदार, गावकरी आणि जुने कार्यकर्ते कोणाच्या शब्दावर चालतात ते. सही एका ठरावाने बदलते. कारभार हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात. विश्वासाला त्याहून अधिक काळ लागतो, आणि त्याचा ठराव करता येत नाही. संस्थापकांच्या हाती या तिन्ही गोष्टी एकवटलेल्या असतात. त्यामुळे ‘वारसदार ठरला’ अशी घोषणा झाली तरी प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त सही हललेली असते. पंचाहत्तरीनिमित्त सत्कार होतो, गौरवग्रंथ निघतो, ‘आता सूत्रे नव्या पिढीकडे’ असे भाषणही होते. दुसऱ्या दिवशी सत्कारमूर्ती नेहमीच्या खुर्चीत बसलेले असतात!

आनंदवनात काय घडले?

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात झाली. बाबांचे निधन ९ फेब्रुवारी २००८ रोजी झाले. मात्र पहिल्या पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे काम जाण्याची प्रक्रिया त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथेच स्थायिक झाले. आनंदवनाचा भार डॉ. विकास आमटे यांच्याकडे आला. १९९० मध्ये बाबा स्वतः आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले. तो निर्णय नर्मदा खोऱ्यातील लढ्यासाठी होता, वारसा सोपवण्यासाठी नव्हे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की पुढची सुमारे दहा वर्षे आनंदवनाला संस्थापकांच्या रोजच्या उपस्थितीशिवाय चालण्याची सवय लागली. कुष्ठमुक्त रहिवासी, कर्मचारी, देणगीदार या सर्वांनीच दुसऱ्या पिढीला पारखून घेतले. २००८ मध्ये पोकळी मोठी होती, तरी कारभार थांबला नाही, त्यामागे हे कारण आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दोघा भावांना एकाच ठिकाणी अधिकार वाटून घ्यावे लागले नाहीत. दोघांना वेगळे प्रकल्प, वेगळे प्रदेश आणि वेगळी ओळख मिळाली. मूळ संस्था एक राहिली तरी रोजच्या निर्णयांची क्षेत्रे स्वतंत्र होती.

तिसऱ्या पिढीपर्यंत येता येता परिस्थिती बदलली होती. संस्थेचा व्याप वाढला होता, हिशेब आणि नियमांचा काच वाढला होता, आणि ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ हे कंपन्यांतले पद आश्रमात आले होते. २०२० मध्ये कारभारावरचे मतभेद समाजमाध्यमांतून बाहेर आले आणि आमटे कुटुंबीयांना जाहीर निवेदन काढावे लागले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला डॉ. शीतल आमटे-करजगी यांचे निधन झाले. त्या शोकांतिकेची कारणे शोधण्याची ही जागा नव्हे. संस्थांच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. विश्वस्तांचे अधिकार कोठे संपतात आणि कार्यकारी प्रमुखाचे कोठे सुरू होतात? मतभेद झाले तर ते ऐकून घेणारी, कुटुंबाबाहेरची आणि दोन्ही बाजूंना मान्य अशी व्यक्ती कोण? महाराष्ट्रातील फार थोड्या संस्थांच्या घटनेत याची उत्तरे सापडतील.

कायदा काय सांगतो?

राज्यातील बहुसंख्य संस्थांची नोंदणी दुहेरी असते. एक १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली. कायदा वारसदार नेमत नाही. तो संस्थेच्या घटनेकडे बोट दाखवतो. कार्यकारिणी किती वर्षांची, निवड कोण करणार, सभेची नोटीस किती दिवसांची, हे सारे घटनेत असते. ही घटना अनेकदा नोंदणीच्या वेळी दुसऱ्या संस्थेच्या घटनेवरून उतरवलेली असते.

विश्वस्त बदलला की कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला ‘चेंज रिपोर्ट’, द्यावा लागतो. खरी अडचण येथे सुरू होते. संस्थापकांच्या पश्चात दोन गट पडले, तर दोघेही स्वतंत्र सभा घेतात आणि दोघेही बदल अर्ज दाखल करतात. निकाल लागेपर्यंत ‘परिशिष्ट एक’वर जुनीच नावे राहतात, त्यातली काही दिवंगतांचीही असतात. बँक तोच उतारा मागते. खाते अडले की पहिला फटका वसतिगृहाच्या किराण्याला आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराला बसतो.

दुसरा दुर्लक्षित दस्तऐवज म्हणजे सभासद नोंदवही. वीस-पंचवीस वर्षांत नवा सभासदच केलेला नसेल, तर सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होणार कशी? आणि झाली तरी निवडून देण्यासारखे कोण उरले आहे? विश्वासू माणसांपुरतेच सभासदत्व ठेवण्याचा हेतू सुरुवातीला संस्थेच्या रक्षणाचा असतो. पुढे त्याच बंद दारामुळे संस्था गुदमरते.

विदेशी देणग्यांची परवानगी असेल तर आणखी एक पायरी वाढते. प्रमुख पदाधिकारी बदलल्याची माहिती ४५ दिवसांत केंद्रीय गृहमंत्रालयाला द्यावी लागते. २०२० मधील दुरुस्तीनंतर ही देणगी स्वीकारण्याचे खाते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत असते. तेथील सह्या गडचिरोलीत बसून बदलण्यात किती दिवस जातात, हे संस्थांच्या लेखापालांना विचारावे. आजीव विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी, अशी मर्यादाही राज्याने २०२५ मध्ये कायद्यात आणली.

घराणेशाही की नाइलाज?

नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ची धुरा त्यांचे पुत्र अभिजित यांनी सांभाळली. हेमलकशात प्रकाश आमटे यांची मुले काम करतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’मध्ये दोन्ही मुले सक्रिय आहेत. राजकारणाचा मापदंड लावून याला घराणेशाही म्हणणे सोपे आहे. पण जेथे पगार तुटपुंजा, पावसाळ्यात रस्ता बंद आणि मुलांच्या शाळेची पंचाईत, तेथे आयुष्य काढायला बाहेरचा माणूस मिळतोच असे नाही. लहानपणापासून ते जगणे पाहिलेली मुले टिकतात. आक्षेप घ्यायचा तर मुलांच्या येण्याला नको. दुसऱ्या कोणाला तयारच केले नाही, याला घ्यावा. ‘सर्च’ने तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम चालवून निदान कार्यकर्त्यांचे वर्तुळ कुटुंबापलीकडे नेले, हे येथे नोंदवायला हवे.

कुटुंबाबाहेरच्या वारसाचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचनचे आहे. ‘बाएफ’चे संस्थापक मणिभाई देसाई यांचे १९९३ मध्ये निधन झाले. त्यानंतर संस्थेतच वाढलेले डॉ. नारायण हेगडे यांनी सूत्रे घेतली आणि पुढेही आतल्याच माणसांकडे ती गेली.

संस्थापकांविना टिकलेल्या संस्था कोणत्या?

नागपूरचीच मातृ सेवा संघ ही संस्था घ्या. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या छोट्या प्रसूतिगृहातून ती वाढली. कमलाताईंचे निधन १९८१ मध्ये झाले, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी संस्थेने शताब्दी गाठली. शाखा, समित्या, समाजकार्य महाविद्यालय अशी कामाची विभागणी आधीच झालेली असल्याने सारे एका व्यक्तीवर अवलंबून नव्हते.

पवनारचा प्रयोग याहून धाडसी. विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले ते प्रमुखाविना, भगिनींनी एकमताने निर्णय घ्यावेत या तत्त्वावर. विनोबा १९८२ मध्ये गेले तेव्हा रिकामी होणारी खुर्चीच तेथे नव्हती. अर्थात एकमताचा हा मार्ग छोट्या समूहाला झेपतो, पाचशे कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयाला नव्हे.

नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा क्रमही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पहिले दोन सरसंघचालक निधनापर्यंत पदावर होते. १९९४ मध्ये बाळासाहेब देवरसांनी प्रकृतीच्या कारणाने हयातीत पद सोडले आणि त्यानंतर राजेंद्रसिंह (२०००) व सुदर्शन (२००९) यांनीही तेच केले. लेखी वयोमर्यादा नसताना एक पायंडा पडला.

तयारी कशी आणि किती आधी?

तज्ज्ञ नेमण्याआधी एक फाईल पुरते. घटनेची अद्ययावत प्रत, ‘परिशिष्ट एक’, सभासद नोंदवही, बँकेतील सह्यांचे नमुने, जमिनीची कागदपत्रे, प्राप्तिकर सवलतीची प्रमाणपत्रे आणि त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा त्यात असाव्यात. ती कोठे आहे, हे किमान तिघांना माहीत असावे. बँकेत एकट्याची सही कधीच नसावी.

पुढची पायरी अवघड आहे. संस्थापकांनी सलग तीन महिने संस्थेबाहेर राहायचे आणि फोन करायचा नाही. कोणते निर्णय अडले याची यादी म्हणजेच पुढच्या दोन वर्षांचा आराखडा. देणगीदारांच्या भेटींना सुरुवातीपासून दोघांनी जायचे, आणि बोलायचे दुसऱ्याने.

यासाठी पैसा लागतो, याकडे मात्र कोणी पाहत नाही. जुना आणि नवा प्रमुख वर्षभर एकत्र काम करणार असतील तर दोन मानधने लागतात. कंपन्यांचा सामाजिक निधी बहुधा ठरावीक प्रकल्पाला बांधलेला असतो. शाळेच्या खोल्यांना पैसे मिळतात, पण शाळा पुढे चालवणाऱ्या माणसाच्या घडणीला मिळत नाहीत. ‘तुमची दुसरी फळी कोणती?’ असे अर्जात विचारणाऱ्या देणगीदारांनी त्याच अर्जात त्या फळीसाठी एक रकाना ठेवला, तर अनेक संस्थांचे बोलणे येथूनच सुरू होऊ शकेल.