मस्तिष्कावरणदाहाचे पुनरावर्तन : एका संज्ञेचे दोन अर्थ

मराठी वृत्तपत्रांत 'मेंदूज्वर' हा शब्द दोन भिन्न विकारांसाठी योजिलेला आढळतो. मेंदूच्या ऊतींचा दाह हा एक. मेंदू व मज्जारज्जू यांवरील आवरणांचा दाह हा दुसरा. या दुसऱ्यास 'मस्तिष्कावरणदाह' म्हणणे अधिक युक्त होय. 'हा रोग पुन्हा उद्भवला' असे आपण म्हणतो, तेव्हाही अर्थाची अशीच गल्लत होते. तो एकाच व्यक्तीस पुन्हा झाला, की एकाच प्रदेशात पुन्हा पसरला? दोहोंची कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे.

प्रथम व्यक्तीचा विचार करू. जंतुजन्य मस्तिष्कावरणदाह एकाच व्यक्तीस वारंवार होणे विरळा. तसे झाल्यास शरीरातील एखादे वैगुण्य शोधावे लागते. इजेमुळे कवटीच्या तळाशी भेग राहिली, तर नाकातील वा कानातील जंतूंना आवरणांपर्यंत वाट मिळते. अशा रोग्यांत बहुधा न्यूमोकॉकस आढळतो. रक्तातील 'कॉम्प्लिमेंट' नामक प्रथिनांपैकी काहींचा जन्मजात अभाव असेल, तर मेनिंगोकॉकसचा उपद्रव पुनः पुनः होऊ शकतो. पिएर मोलारे यांनी १९४४ साली वर्णिलेला पुनरावर्ती प्रकार मात्र बहुतांशी हर्पीस सिंप्लेक्स विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराशी निगडित असून तो सामान्यतः आपोआप शमतो. तात्पर्य, भेग असलेल्या रोग्यास केवळ लस टोचून भागत नाही. ती भेग बुजवावी लागते.

प्रदेशाची गोष्ट वेगळी. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या भूभागास 'मस्तिष्कावरणदाहाचा पट्टा' म्हणतात; ही संज्ञा लापेसोनी यांनी १९६३ साली योजिली. तेथे कोरड्या ऋतूत साथी येतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले व सुमारे २५,००० दगावले. जंतूच्या शर्करामय वेष्टनापासून केलेली जुनी लस थोडीच वर्षे टिके, लहान मुलांत फारशी लागू पडत नसे आणि घशात जंतू वाहणाऱ्या निरोगी माणसांकडून होणारा प्रसारही थांबवीत नसे. तीच शर्करा प्रथिनाशी जोडताच हे तिन्ही दोष पुष्कळसे दूर झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली अशी 'मेनआफ्रिव्हॅक' लस डिसेंबर २०१० पासून बुर्किना फासो, माली व नायजर येथे मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा एकही निश्चित रुग्ण नोंदला गेलेला नाही.

तथापि 'सी' आदी गटांच्या साथी चालूच राहिल्या. कारण लस त्या त्या गटापुरतीच असते. म्हणून ए, सी, डब्ल्यू, वाय व एक्स या पाच गटांवरील लस त्याच संस्थेत सिद्ध झाली व २०२४ साली नायजेरियात प्रथम वापरात आली.

'लस टोचली, आता मेंदूज्वर नाही' हे वाक्य यास्तव अपुरे ठरते. कोणता जंतू, कोणता गट, आणि पुनरावर्तन व्यक्तीत की समाजात, हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. येथे संज्ञेची संदिग्धता हा केवळ भाषेचा दोष राहत नाही. तिच्यामुळे कवटीतील भेग न शोधताच रोगी घरी परत जाऊ शकतो.