देश हरवलेला सेनापती

मुलांनो, दुसऱ्या महायुद्धात ज्याच्या हुकमावर सुमारे सोळा हजार सैनिक आणि शेकडो रणगाडे चालायचे, तो सेनापती युद्ध जिंकल्यावर काय करत असेल? पेन्शन, बंगला, सभेत हारतुरे, असंच वाटतं ना? जनरल स्तानिस्वाव माचेक मात्र स्कॉटलंडमध्ये, एडिंबरो शहरातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये उभे राहून गिऱ्हाइकांचे पेले भरत होते. हॉटेलचा मालक कोण, तर पूर्वी त्यांच्याच हाताखाली लढलेला एक सैनिक!

हे असं कसं झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

माचेक यांचा जन्म ३१ मार्च १८९२ रोजी ल्वुव शहराजवळच्या श्चेझेत्स गावी झाला. त्या वेळचा नकाशा काढून बघा, त्यात पोलंड सापडणारच नाही! रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी तो कधीच वाटून घेतला होता. घरात पोलिश भाषा, पण राज्य ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं. ल्वुवच्या विद्यापीठात हा मुलगा तत्त्वज्ञान शिकत होता. तेवढ्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं, पुस्तकं मिटली आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यातून आल्प्सच्या बर्फात लढावं लागलं.

१९१८ मध्ये पोलंड पुन्हा नकाशावर आला. माचेक लगेच पोलिश सैन्यात गेले. नव्या देशाच्या सैन्याजवळ मोटारी कुठल्या? त्यांनी आपले सैनिक शेतकऱ्यांच्या घोडागाड्यांत बसवले आणि शत्रूला वाटेल त्याच्या आधीच त्याच्या दारात नेऊन उभे केले. पुढे १९६१ साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं, त्याच्या नावाचा अर्थच ‘गाडीपासून रणगाड्यापर्यंत’ असा आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने पोलंडवर हल्ला केला. माचेक यांची मोटारींवरची ब्रिगेड डोंगराळ भागात दिवसा लढायची, रात्री मागे सरून नवी जागा धरायची. पण १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्यही घुसलं. दोन दिवसांनी वरिष्ठांच्या हुकमाने माचेक आपली माणसं घेऊन हंगेरीत गेले. हंगेरीतून फ्रान्स. १९४० मध्ये फ्रान्सही हरला. रणगाड्यांतलं इंधन संपलं, आणि इंधनाविना रणगाडा म्हणजे नुसता लोखंडाचा डबा. ते शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पोलिश सैनिकांनी स्वतःच मोडले आणि लहान लहान टोळ्या करून पायी निघाले. माचेक उत्तर आफ्रिका, पोर्तुगाल असा वळसा घालून ब्रिटनला पोचले. तिथे, स्कॉटलंडमध्ये, १९४२ साली पोलंडची पहिली रणगाडा डिव्हिजन उभी राहिली. सैनिक त्यांना ‘बात्सा’ म्हणत. पोलंडच्या डोंगरात मेंढपाळांच्या म्होरक्याला बात्सा म्हणतात. आपल्याकडे ‘दादा’ म्हणावं, तसंच काहीसं!

ऑगस्ट १९४४. फ्रान्समध्ये फालेझजवळ जर्मन सैन्य कोंडीत सापडलं होतं. बाहेर पडायला एकच अरुंद वाट उरली होती आणि त्या वाटेवर होती २६२ नंबरची टेकडी. नकाशावर तिचा आकार गदेसारखा दिसतो, म्हणून माचेक यांनी तिला ‘माचुगा’, म्हणजे गदा असंच नाव दिलं. पोलिश सैनिक टेकडीवर चढले खरे, पण स्वतःच वेढले गेले. आतून पळणारे जर्मन आणि बाहेरून त्यांना सोडवायला येणारे जर्मन, मध्ये हे. रसद बंद. जखमींना हलवता येईना. दारूगोळा संपत आलेला. तरी त्यांनी जागा सोडली नाही. २१ ऑगस्टला कॅनडाचं सैन्य पोचलं, तेव्हा कोंडीचं तोंड बंद झालं होतं.

मला स्वतःला मात्र त्यांची ब्रेडाची लढाई जास्त मोठी वाटते. नेदरलँड्समधलं हे शहर तोफांनी भाजून काढणं सोपं होतं. माचेक यांनी बगल देऊन हल्ला केला. २९ ऑक्टोबर १९४४ ला शहर सुटलं, आणि घरंदारं, माणसं वाचली. दुकानांच्या काचांवर चक्क पोलिश भाषेत आभाराचे फलक लागले! पुढे एप्रिल १९४५ मध्ये त्यांच्या सैनिकांनी जर्मनीतल्या ओबरलांगेनची छावणी सोडवली. आत सुमारे सतराशे पोलिश स्त्रिया कैदेत होत्या, वॉर्सा शहराच्या उठावात लढलेल्या. फाटकाशी आलेला रणगाडेवाला आपलीच भाषा बोलतोय, हे ऐकून त्यांना काय वाटलं असेल!

युद्ध संपलं. आता घरी जायचं. पण कुठे? पोलंडचा पूर्व भाग, माचेक यांच्या गावासह, सोव्हिएत संघाने घेतला होता आणि उरलेल्या देशात त्याच्याच मर्जीतलं सरकार होतं. (आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यातल्याही कितीतरी जणांची घरं याच पूर्व भागात होती.) १९४६ साली त्या सरकारने माचेक यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. ब्रिटन म्हणालं, तुम्ही आमच्या सैन्यातले नाही, त्यामुळे जनरलचं पेन्शन मिळणार नाही. दोन्ही दारं बंद! घरी तीन मुलं, त्यांतली एक मुलगी आजारी. मग मिळेल ते काम केलं. त्यात कमीपणा कसला? कमीपणा असलाच तर तो त्यांना विसरणाऱ्यांचा.

ब्रेडा मात्र विसरलं नाही. तिथल्या लोकांनी त्यांना आपलं मानद नागरिक केलं. पोलंडच्या सरकारने जाहीर माफी मागितली ती १९८९ साली, तेव्हा माचेक सत्त्याण्णव वर्षांचे होते. १९९४ मध्ये पोलंडचा सर्वोच्च सन्मान, ‘पांढरा गरुड’, त्यांना मिळाला आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, एडिंबरोत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना ब्रेडाला नेलं आणि तिथल्या पोलिश सैनिकांच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या रांगेत ठेवलं.

एडिंबरोतही २०१८ मध्ये त्यांचा पुतळा बसवला आहे. घोड्यावर नाही, रणगाड्यावरही नाही. साध्या बाकावर बसलेले माचेक, आणि शेजारी कुणालाही बसता येईल एवढी जागा.