जपानी कुमार-चित्रकथांतील प्रीति

जपानी भाषेंत ‘शोनेन’ या शब्दाचा अर्थ ‘कुमार’ असा आहे. आणि वाढत्या वयाच्या मुलग्यांसाठीं म्हणून नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथांस तेथें ‘शोनेन मांगा’ असें म्हणतात. ‘शोनेन संडे’ व ‘शोनेन मॅगझिन’ हीं साप्ताहिकें १९५९ सालीं निघालीं. ‘शोनेन जंप’ १९६८ सालीं सुरू झालें व १९९४ च्या अखेरीस त्याच्या एका अंकाचा खप ६५ लाखांच्या वर गेला. आज आपल्या घरांतील मुलेंहि या कथा इंग्रजी भाषांतरांतून आवडीनें वाचतात. तेव्हां त्यांत काय असतें, हें वडील माणसांनीं जाणून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

‘जंप’चें ब्रीद ‘मैत्री, प्रयत्न, विजय’ असें तीन शब्दांचें आहे. या त्रयींत प्रीतीला स्थान नाहीं. तरीहि प्रीतीचा धागा अजीबात नाहीं अशी नामांकित कथा विरळाच. हा धागा केवळ शोभेसाठीं विणलेला असतो, कीं नायकाच्या शीलाच्या घडणीशीं त्याचा कांहीं संबंध असतो, हा खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर शोधतांना या धंद्याची एक रीत ध्यानांत घेतली पाहिजे. ‘जंप’च्या अंकाबरोबर एक पत्रिका असे, तीवर वाचकांनीं आपल्या आवडीच्या कथांचीं नांवें लिहून पाठवावयाचीं, आणि ज्या कथा मागें पडतील त्या अकालीं संपवावयाच्या. अशा स्थितींत दर आठवड्यास कांहींतरी चुरस दाखविणें लेखकाला भागच पडतें व प्रीतीची गोष्ट वर्षानुवर्षें लांबणीवर पडते. या दिरंगाईचा परिणाम दुहेरी होतो. सामान्य लेखकाच्या हातीं नायिका ही विजयानंतर मिळणारें एक बक्षीस होऊन बसते. परंतु चांगल्या लेखकाच्या हातीं हाच विलंब नायकाला योग्यता संपादन करण्याचा अवधि ठरतो.

मित्सुरु अदाची यांची ‘टच’ ही कथा १९८१ ते १९८६ पर्यंत ‘शोनेन संडे’त चालली. तात्सुया व काझुया हे जुळे भाऊ आणि शेजारची मिनामी हीं तिघें एकत्र वाढलेलीं. धाकटा काझुया मेहनती व बेसबॉलमध्यें निष्णात; थोरला तात्सुया अंगीं गुण असूनहि आळशी दिसतो, कारण भावाच्या वाटेंत येण्याची त्याची इच्छा नसते. महत्त्वाच्या सामन्यास निघालेला काझुया एका मुलास वांचवितांना अपघातांत मरण पावतो. तेथून पुढें तात्सुयाला भावाचा चेंडू हातीं घ्यावा लागतो. दिवंगत भावाची जागा चोरल्यासारखें न वाटतां मिनामीवरील आपलें प्रेम कबूल कसें करावें, हाच या कथेचा गाभा आहे. सामने हें त्याचें केवळ बाह्य रूप होय.

मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही १९९९ ते २०१४ पर्यंत ‘जंप’मध्यें चाललेली ७०० प्रकरणांची कथा. गांवानें झिडकारलेल्या या पोरक्या मुलाचें लक्ष साकुराकडे असतें, तिचें सासुकेकडे. आणि लाजाळू हिनाता मात्र लहानपणापासून नारुतोची चिकाटी दुरून पाहात असते. पुढें साकुरा एका कठीण प्रसंगीं, त्याला सासुकेच्या शोधापासून परावृत्त करण्यासाठीं, आपलें प्रेम त्याच्यावरच असल्याचें खोटें सांगते. ज्या शब्दांसाठीं तो इतकीं वर्षें आसुसलेला होता ते ऐकूनहि तो त्यांना भुलत नाहीं. स्वतःच्या मनाशीं खोटें बोलणें त्याला आवडत नाहीं. हा मुलगा आतां मोठा झाला, हें वाचकाला कोणत्याहि लढाईपेक्षां या प्रसंगीं अधिक पटतें. उलट हिनाता प्राण पणाला लावून आपलें प्रेम बोलून दाखविते, त्याला मात्र कथेंत दीर्घकाळ उत्तरच मिळत नाहीं. शेवटच्या प्रकरणांत तीं दोघें पतिपत्नी व आईबाप म्हणून एकदम समोर येतात. मधला दुवा २०१४ च्या डिसेंबरांतील चित्रपटानें जोडावा लागला. हें वैगुण्य मान्य केलेंच पाहिजे.

हिरोमु अराकावा या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ (२००१–२०१०) मला या बाबतींत सर्वांत सरस वाटते. मृत आईला परत आणण्याच्या हव्यासापायीं एडवर्ड एक हात व एक पाय गमावतो, त्याचा भाऊ सारें शरीरच गमावतो. एडवर्डचे पोलादी अवयव घडविणारी विन्री ही स्वतःच्या विद्येंत निपुण असून त्याच्यावर रागावण्याचा अधिकारहि बजावते. आपल्या आईबापांचा मारेकरी समोर येतांच ती पिस्तूल उचलते, तेव्हां एडवर्ड मध्यें पडतो. तिचे हात जीव वांचविणारे आहेत, याची तो तिला आठवण देतो. पुढें तीच विन्री त्या मारेकऱ्याची जखम बांधते. येथें नायकाबरोबर नायिकाहि वाढली. अखेरीस एडवर्ड किमयेच्या ‘समान विनिमया’च्या भाषेंत अर्ध्या आयुष्याच्या बदल्यांत अर्धें आयुष्य मागतो, आणि विन्री त्याच्या त्या हिशेबालाच हसून सबंध आयुष्य देऊं करते. देवघेवीच्या नियमावर उभा राहिलेला मुलगा त्या नियमापलीकडचें कांहीं येथें शिकतो.

तिन्ही कथा शेजारीं ठेवल्या म्हणजे एक कसोटी हातीं येते: नायिकेला स्वतःचें काम, स्वतःचा राग व स्वतःचा निर्णय आहे कीं नाहीं? असेल तर तिच्यावरील प्रेम नायकाला दुसऱ्याचें मन ओळखावयास शिकवितें; नसेल तर तें त्याच्या अहंकारालाच खतपाणी घालतें.

आपल्या एकत्र कुटुंबांत चौदा वर्षांच्या मुलाशीं प्रीतीविषयीं कोणी बोलत नाहीं. काकामामांना संकोच वाटतो, आजीला तें शोभत नाहीं. मुलगा मात्र त्याविषयीं शिकतोच, आणि तें अशा पुस्तकांतून. म्हणून पुस्तक हातांतून काढून घेण्यापेक्षां, तें एकदां स्वतः वाचून, त्यांतील मुलगी त्याला कशी वाटली एवढेंच त्याला विचारावें. त्याच्या उत्तरावरून तो कोणत्या बाजूनें वाढत आहे हें कळेल, आणि पुढें बोलावयास वाटहि मोकळी होईल.